ताईच्या गाडीचा कॅमशाफ्ट

ठिणगी मिस्त्रीचा राग गल्लीला घड्याळासारखा उपयोगी पडायचा. साडेनऊला त्याने पहिला पाना आपटला की बायका डबे भरायला घ्यायच्या. त्या दिवशी पाना आठलाच आपटला आणि निम्मी गल्ली दीड तास आधी कामावर पोचली.

कारण होते दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. ताईच्या जुन्या चिमुकल्या गाडीचा कॅमशाफ्ट झिजला होता. इंजिनातली ही उंचवट्यांची दांडी फिरते तसे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. उंचवटे झिजले आणि गाडीची ओढ गेली. रविवारी नवा बसवायचा होता. दाजींनी कोणाला न विचारता शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट आणून मिस्त्रीच्या गॅरेजातल्या टेबलावर ठेवला.

"मेहुणे, उभ्या उभ्या गुरगुरेल बघा गाडी! वाघासारखी!"

"दाजी, तुमचा मान राखून सांगतो, तुम्ही गाढव आहात."

"हा मान राखलात?"

"'तुम्ही' म्हणालो ना!" मिस्त्री कडाडला. "ताईला रोज टेकडी चढून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जायचं असतं. हा कॅम वरच्या आरपीएमला, इंजिन गरगर फिरलं तरच पळतो, खाली नुसता मुडदा. चढावर थांबली की गाडी बंद. मागे ट्रक. मग ऐका गुरगुर!"

नजर अधू म्हणून दाजी गाडी चालवत नसत. शेजारी बसून पायाने हवेत ब्रेक तेवढे मारत.

मिस्त्रीने दुसरा, मूळ मापाचा साधा कॅमशाफ्ट उचलला. "हाच बसेल. ताई गाडी चालवते की पाळणा झुलवते तेच कळत नाही."

"कोण झुलवतं पाळणा?" ताई दारातच उभी होती.

आता मिस्त्रीचा एक दंडक सांगायला हवा. गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून त्याच्या रोजच्या रस्त्याने फेरी मारल्याशिवाय तो कॅम ठरवत नसे. काटा किती आरपीएमला रेंगाळतो, गाडी कुठे थांबते, सगळं बघायचा. पोस्टमास्तरांच्या शेजारी तर तो दोनदा बसला, कारण पहिल्या खेपेला मास्तर त्याला घाबरून हळू चालवत होते. सख्ख्या बहिणीशेजारी मात्र गॅरेज काढल्यापासून अकरा वर्षांत एकदाही नाही.

"दुनियेच्या शेजारी बसतोस," ताईचा आवाज चढला, "माझ्या सीटला काय खिळे होते?"

"तुला काय विचारायचं, ताई? तुझं सगळं मला ठाऊक..."

"बस गाडीत."

मोठ्या रस्त्यावर एक ट्रक धूर ओकत चालला होता. ताईने तिसऱ्या गिअरमध्ये काटा पाच हजारांवर नेला. गाडी थरथरली, मिस्त्रीचे पाय दाजींसारखे हवेत ब्रेक मारू लागले, पण ट्रक काही मागे पडेना.

"ताई, मरशील!"

"रोज मरते. गप्प बस."

चढाच्या मधोमध तिने गाडी उभी करून हँडब्रेक ओढला. समोर बस वळत होती.

"ही रोज इथेच वळते. ह्यांचा कॅम बसवलास तर मी इथून हलणार नाही. तुझा बसवलास तर इथून निघेन, पण खाली जन्मभर ट्रकचा धूर खाईन. आता सांग, शहाण्या."

"मधला लागेल. खालून ओढणारा आणि वरही थोडा पळणारा."

"सापडला? मग उतर."

"इथे?"

"मला कामाला जायचंय. तू चालत जा. आणि माझं आणखी काय काय तुला ठाऊक आहे, त्याचा वाटेत विचार कर."

दार आपटलं. मिस्त्री टेकडी उतरू लागला. पहिल्या वळणापर्यंत दाजींना शिव्या, दुसऱ्यापर्यंत बसच्या ड्रायव्हरला, मग रस्ता बांधणाऱ्याला. तिसऱ्या वळणावर शिव्या घालायला कोणी उरलंच नाही. तेव्हा त्याने स्वतःलाच एक सणसणीत हासडली. वाटेतली शेळी दचकून बाजूला झाली.

गॅरेजात शिरताच त्याने टेबलावरचे दोन्ही कॅमशाफ्ट खाली ठेवले आणि फोन करून मधल्या मापाचा मागवला.

दाजी अजून तिथेच होते. "मेहुणे, मधला थोडा तरी गुरगुरेल ना?"

"मला काय विचारता?" ठिणगी इतक्या जोरात ओरडला की समोरच्या खिडकीतल्या बाईच्या हातून वाटी पडली. "गाडी कोणाची आहे? तिला विचारा!"