टुंक वाजलं नाही तर कन्हान

आमच्या गोडाऊनमध्ये मालाला जागा पुरत नाही, किस्स्यांना कुठून देणार? म्हणून ते सगळे माझ्या डोक्यात रचून ठेवलेत. चहाच्या वेळी कोणी जरा धक्का दिला की वरचे दोन-चार खाली येतात. आज धक्का तुम्ही दिलाय, तेव्हा ऐका.

नागपुरात वाडीला आमचं लोणची, पापड, शेवयांचं गोडाऊन. मी तिथं बिलिंगला. यंदा शेठजींनी मोबाईलचं बारकोड अ‍ॅप आणलं. प्रत्येक खोक्यावर, बरणीवर काळ्या पट्ट्यांचं लेबल, मोबाईल समोर धरला की टुंक. माल आला, टुंक. माल गेला, टुंक. शेठजींनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की दसऱ्याची पूजा झाली की मी स्वतः परीक्षा घेणार. ज्याला जमणार नाही त्यानं कन्हानच्या गोडाऊनला जायचं, तिथं अजून सगळं हातानं लिहितात.

हे ऐकून आमच्या वत्सलाबाईचा चेहरा एवढासा झाला. वत्सलाबाई पॅकिंगला आहे, साठीला टेकलेली. गोडाऊनच्या मागच्याच गल्लीत तिची खोली. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन सासूला जेवू घालून येते. ती म्हातारी वत्सलाबाईशिवाय कोणाच्या हातचं खात नाही, आणि नावं ठेवल्याशिवाय तिच्याही हातचं खात नाही! कन्हान म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून दुपारी घरी यायचा प्रश्नच नव्हता. बिचारीनं बसची चौकशीसुद्धा करून ठेवली.

*

शिकवायला पुण्याहून एक सर आले. तरुण, बिनलग्नाचे, गळ्यात आयकार्ड. ते म्हणाले, या पट्ट्यांमध्ये मालाचं नाव नसतं, किंमतही नसते. फक्त एक नंबर असतो. नाव आपलं अ‍ॅप शोधून सांगतं.

सगळे मख्खासारखे बसलेले. वत्सलाबाईला मात्र एकदम उजेड पडला.

"म्हणजे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायांवानीच झालं ना हे. आपण नुसती खूण सांगायची, नाव दुसऱ्यानं घ्यायचं."

आम्ही बायका हसून हसून बेजार. सर नुसतेच मान हलवत राहिले. लग्न झालं की कळेल त्यांना.

*

आमचा हमाल रामभाऊ दुसऱ्या दिवशी नेमका काळ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट घालून आला. मग काय, जो तो मोबाईल घेऊन त्याच्या मागे. कोणी पाठीवर धरतंय, कोणी पोटावर. अ‍ॅपवर एकच उत्तर, माल सापडला नाही.

रामभाऊ शांतपणे पोतं खाली ठेवून म्हणाला, "इतकी मेहनत कायले करता गा? माही बायको रोज हेच सांगते."

*

वत्सलाबाईचं टापटिपीचं वेड आम्हाला भोवलं. लेबल खराब होऊ नये म्हणून तिनं अख्ख्या गाडीच्या मालावर, एकेका बारकोडवर, चकचकीत सेलोटेप लावली. टेप इतकी नीट की एक सुरकुती नाही. आणि ट्यूबलाइटचा उजेड त्यावर असा चमकायला लागला की एकही लेबल मोबाईलला दिसेना. सगळी संध्याकाळ आम्ही टेप काढत बसलो. नखं गेली माझी, आणि तोंडही सुटलं माझं. जे नको ते बोलले मी तिला.

सर मात्र रागावले नाहीत. त्यांनी तिला एवढंच सांगितलं की बाई, लेबल पुसू नका, झाकू नका, पुसायचंच असेल तर मोबाईलच्या मागचा कॅमेरा पुसा. त्याला बोट जरी लागलं तरी त्याला दिसत नाही.

तेव्हापासून ती दर खोक्याला पदरानं कॅमेरा पुसायला लागली. सांगितलेलं विसरणारी बाई नव्हे ती.

*

मग एके दिवशी अ‍ॅपवर शेवयांचा माल दुप्पट! गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा आहे, आणि अ‍ॅप म्हणतंय छतापर्यंत भरलंय. शेठजी नागपूरभर फोन लावत सुटले, सर पुण्याला फोन लावत सुटले. मी मात्र जाऊन वत्सलाबाईच्या शेजारी उभी राहिले. बघते तर काय, बाई प्रत्येक खोकं दोनदा स्कॅन करत होती. टुंक, टुंक.

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "दोनदा काहून करून राहिली वं?"

तर माझ्याकडेच नवलानं बघून म्हणाली, "एकदाच वाढते का कोणी? आपल्यात एकदा वाढत नाही बाप्पा, बरं नसते ते."

आता हे सरांना काय सांगणार? पंगतीत पोळी एकदा वाढून थांबायचं नाही, वर अर्धी तरी वाढायची, हे तिच्या हातात इतकं मुरलेलं की मोबाईललाही ती एकदा वाढून उपाशी ठेवेना. मी तिला समजावलं की याला एकदाच पुरतं. तिला काही ते बरं वाटलं नाही. दसरा तोंडावर आला होता, आणि मला तिची खरंच काळजी वाटायला लागली.

*

सराव व्हावा म्हणून ती मोबाईल घरी न्यायला लागली. घरात दिसेल त्यावर धरायची. साबण, चहाचा पुडा, सासूच्या गोळ्या. आमचं अ‍ॅप फक्त आमचाच माल ओळखतं, त्यामुळे सगळीकडे माल सापडला नाही. सासू खाटेवरून म्हणे, तुह्या फोनले बी तुह्यावानीच काही समजत नाही.

एका दुपारी ती खाटेखाली झाडायला वाकली, तर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. उलगडलं, वर पट्ट्या दिसल्या, सवयीनं मोबाईल धरला. टुंक! कैरीचं लोणचं, मोठी बरणी. आमचंच! शेजारणीकडून मागवून म्हातारी चोरून खात होती. सुनेच्या हातच्या लोणच्याला मात्र रोज नावं ठेवायची.

वत्सलाबाईनं बरणी तिच्यासमोर नेऊन ठेवली. म्हातारी जराही डगमगली नाही.

"तूच भरते ना ते तिथं? मंग तुह्याच हातचं झालं."

हे सांगताना वत्सलाबाई हसत होती, आणि डोळ्याला पदर लावत होती. मला म्हणाली, मी कन्हानले गेली तर ही बुढी उपाशी मरन. मलाही भरून आलं. पण काय करणार, मी बिलिंगला.

*

दसरा आला. झेंडूची तोरणं लागली. वजनकाटा, टेम्पो, पॅकिंगचं मशीन, सगळ्यांची पूजा. यंदा मोबाईलही पाटावर पालथे मांडले. हळदकुंकू लावायचा मान दरवर्षीप्रमाणे वत्सलाबाईचा. आमच्या साध्या मोबाईलना तिनं मधोमध एकेक टिकली लावली. शेठजींचा मोबाईल नवा, महागाचा, मागे तीन-तीन कॅमेरे. एवढ्या मोठ्या मोबाईलला एवढीशी टिकली कशी शोभणार? त्याला तिनं भरभरून लावलं. शेठजी डोळे मिटून, हात जोडून उभे होते.

आरती झाली. परीक्षेसाठी वत्सलाबाईनं लेबल लावलेलं खोकं समोर आणलं. शेठजी म्हणाले, पहिला मुहूर्त मालकाच्या हातानं. मोबाईल धरला. टुंक नाही. जवळ नेला, लांब नेला, खोकं फिरवलं, चष्मा लावला. काही नाही. सर घाम पुसत नेटवर्क बघायला लागले. शेठजींचा चेहरा लाल झाला.

"लेबलच धड नाही लावलं तुम्ही, बाई. उद्यापासून कन्हान."

रामभाऊनं मान खाली घातली.

वत्सलाबाई पुढे आली. तिनं आपल्या मोबाईलचा कॅमेरा पदरानं पुसला आणि त्याच लेबलसमोर धरला.

टुंक.

एकदाच.

मग अगदी अदबीनं ती म्हणाली, "शेठजी, कन्हानले दोन बस बदलाव्या लागते. पहिली आपल्या चौकातूनच भेटते."