सरांचा साहेब

३ ऑगस्ट. संगणक भरला आहे, म्हणून जुन्या फायली काढायला बसले. लग्नपत्रिका गेल्या, क्लासच्या नोट्स गेल्या आणि ‘साहेब’ नावाच्या फोल्डरपाशी हात थांबला.

“आधी माणूस कळू दे.” हे सरांचं वाक्य. चष्मा कपाळावर सरकवून, माझ्याकडे न बघता म्हणायचे.

सदाशिव पेठेत माझं अक्षरजुळणीचं दुकान आहे. निवृत्त शिक्षक आणि त्यांची न संपणारी पुस्तकं तुम्हीही पाहिली असतील. सर त्यातलेच, फक्त त्यांचा नायक भलताच होता. शंभर वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत जमिनी घेऊन बसलेला आणि तिथल्या कायदेमंडळात पुढारी झालेला एक इंग्रज.

“आपल्याकडची माणसं संपली का?” मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“त्यांना हार घालणारे पुष्कळ आहेत. याला कोणी जाब विचारला नाही.”

जाब कशाचा, तर सरांचे आजोबा हडपसरहून तिकडे रेल्वेच्या कामाला गेले होते. काम संपल्यावर तिथल्या डोंगराळ मुलखात जमीन घेऊन राहायचं त्यांच्या मनात होतं. हिंदुस्थानी माणसाला तिथे जमीन मिळू नये म्हणून हा साहेब कायदेमंडळात भांडला आणि जिंकला. आजोबा परत आले आणि मरेपर्यंत त्या लाल मातीबद्दल बोलत राहिले.

साहेबाला उघडं पाडायला निघालेले सर हळूहळू त्याच्यातच गुंतले. त्याच्या आजारी गाई, वारलेली मुलगी, निवडणुकीतला पराभव, प्रत्येकावर एकेक प्रकरण. घरी टेबलावर त्याचा फोटो ठेवला. कामाच्या बाई तो रोज पुसून कुंकू लावायच्या. सर म्हणाले, “अहो, तो देव नाही.” बाई म्हणाल्या, “असू दे. घरात आहेत ना.”

जमिनीच्या कायद्याचं प्रकरण मात्र येईना.

“सर, या वेगाने साहेब तुमच्यापेक्षा जास्त जगेल.”

“आधी माणूस कळू दे.”

गेल्या दिवाळीनंतर एकदा आले ते कागद न घेता. खुर्चीत टेकले.

“मॅडम, साहेबाने आजोबांना जमीन मिळू दिली नाही, हे मी जन्मभर सांगत आलो. पण मिळाली असती, तरी ती होती कोणाची? तिथे गुरं चारणाऱ्या माणसांना आधीच हाकललेलं होतं. आजोबांनी ती माणसं बघितली असणार. रेल्वे त्यांच्यातूनच गेली.”

“मग तेच लिहा.”

“आजोबांना तेव्हा काय वाटलं, कोणाला विचारू? साहेबासाठी पुस्तकं आहेत. आजोबांना ओळखणारा मीच एक उरलोय, आणि मी कधी विचारलं नाही.”

मी चहा मागवला. त्यांनी अर्धा ठेवला. पुन्हा काही आले नाहीत. फेब्रुवारीत गेले, हे कामाच्या बाईंकडून कळलं.

फोल्डर पुसायचं की ठेवायचं, हे विचारायला दुपारी त्यांच्या पुतण्याला फोन केला. हडपसरला असतो, घरची शेती बघतो. सरळ माणूस.

“ताई, हाय तेवढं छापून टाका. वर्षश्राद्धाला वाटू. काकांचं नाव होईल.”

“शेवटचं प्रकरण राहिलंय,” म्हटलं आणि सर काय बोलले होते ते सांगितलं.

तो म्हणाला, “पणजोबांनी कुणाचं घेतलं न्हाई, ताई. त्यांचंच हुकलं. त्यांना कशाला मधे आणताय?”

घरची मी नव्हे. पण आहे तसं छापलं, तर सरांच्या नावावर साहेबाच्या आजारी गाई तेवढ्या उरतात.

४ ऑगस्ट. आज सकाळी दुकान उघडल्यावर पुस्तकाच्या शेवटी एक पान वाढवलं. वर लिहिलं, ‘जमीन’. खाली सरांचं त्या दिवशीचं बोलणं, आठवलं तसं, माझं एक अक्षर न घालता. त्याच्याखाली, ‘हे प्रकरण लेखकाने लिहिले नाही, बोलून दाखवले.’ फाइल पुतण्याला पाठवली आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय काम आहे.