ज्येष्ठमधाचा वास

फ्रीमाँटच्या रत्नामावशी घाटे यांचा या जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता, स्वतःच्या कानावर आणि स्वतःच्या नाकावर. बाकी सगळं तपासून घ्यायचं. दुधाच्या कॅनवर पुढच्या आठवड्याची तारीख असली तरी झाकण उघडून वास घेतल्याशिवाय त्यांचा चहा होत नसे. देशी दुकानात भेंडी मोडून बघू नये अशी पाटी लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, ज्याची भेंडी कोवळी आहे तो पाटी कशाला लावेल? मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या ॲपबद्दलही त्यांचं मत वाईट होतं. ते चोरून आपलं बोलणं ऐकतं, असं त्या म्हणत.

"ऐकू दे की," त्यांचे यजमान गुरुनाथ म्हणत. "बिचाऱ्याचं तेवढंच मनोरंजन."

अशा बाईच्या गाण्याच्या क्लासला बावीस वर्षं मुली टिकून होत्या, कारण मावशी शिकवायच्या जीव तोडून. कराडहून गुरुनाथांच्या पाठोपाठ अमेरिकेत आल्या तेव्हा व्हिसावर नोकरी करायची सोय नव्हती. वेळ जावा म्हणून शेजारच्या दोन मुलींना सरगम शिकवली. पुढे ग्रीन कार्ड आलं, टाउनहाउस आलं, गराजमध्ये सतरंजी पडली आणि दोन्ही मोटारी कायमच्या उन्हात गेल्या.

क्लासचा तंबोरा मिरजेहून आणलेला, काळी पाचला लावलेला. हार्मोनियमवरची ती उंच काळी पट्टी म्हणजे मावशींच्या घरचा कायदा. मुलीचा आवाज बारीक असो की भरदार, तिचा सा तिथेच. "बाईचा आवाज काळी पाचलाच खुलतो," असं त्यांचे कराडचे बुवा सांगत. भेंडीवर, दुधावर, ॲपवर संशय घेणाऱ्या या बाईला बुवांच्या त्या वाक्यावर संशय घ्यायचं मात्र कधी सुचलं नाही. मावशींचा स्वतःचा तंबोरा गराजच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असे. त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही.

संशयी स्वभावाला एक जुनी जखमही होती. सहा वर्षं घडवलेली एक मुलगी दिवाळीच्या कार्यक्रमात गायली आणि छापील पत्रकावर गुरू म्हणून नाव आलं सनीव्हेलच्या परीक्षितचं. हा परीक्षित तरुण, गोडबोला, मुलांना 'गाईज' म्हणणारा. मुलगी त्याच्याकडे चार महिने जात होती. मावशींनी ते पत्रक फाडलं नाही. हार्मोनियमच्या पेटीत तळाशी घालून ठेवलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशा त्या तेव्हापासून प्रत्येक मुलीकडे फुंकून बघत.

शिवांगी मात्र वेगळी होती. आठ वर्षांपूर्वी दोन वेण्या घालून आली, आता सतरा वर्षांची झाली. गळा असा की मावशींना कधीकधी शिकवता शिकवता बोलणं सुचायचं नाही. बावीस वर्षांत ज्याचं नावही काढलं नव्हतं ते त्यांनी ठरवलं: येत्या गुरुपौर्णिमेला शिवांगीला गंडा बांधायचा. मनगटावर गुरूच्या हातचा धागा, तोंडात गूळ-हरभरे, आणि मग शिष्य त्या घरचा. दुसऱ्याच्या दारात शिकायला जायचं नाही. मावशींना मूलबाळ नव्हतं. बुवांकडून आलेलं सगळं त्या या एका पोरीच्या ओंजळीत घालणार होत्या, आणि ओंजळ दुसऱ्याची निघाली तर त्यांच्याकडे पुन्हा घालायला काही उरणार नव्हतं.

आणि गुरुपौर्णिमेला पाच आठवडे उरले असताना शिवांगीच्या तोंडाला ज्येष्ठमधाचा वास आला.

मावशींनी नाक वर केलं. ज्येष्ठमध चघळायला अमेरिकेतली मुलगी स्वतःहून जाईल? ते गवयाच्या घरातलं औषध. मी दिलेलं नाही, मग दिलं कुणी?

एकदा संशयाचं बोट धरलं की वाट सापडत जाते. मावशींच्या लक्षात आलं की पोरीचं गाणं बदललंय. मंद्रात, म्हणजे खालच्या सुरांत, ती हल्ली नको इतकी रेंगाळते, आणि तिथे आवाजाला अशी गोलाई येते जी मावशींनी शिकवलेली नाही. वरचा गंधार आला की मान वळवते आणि सूर उरकून टाकते. सूर सोडताना शेवटी थोडा श्वास ऐकू येऊ देते. हे तर मावशींच्या घरी पापच. हे सगळं कुणीतरी शिकवलेलं होतं. आणि गुरुवारचा तास तिनं दोनदा बुडवला होता.

त्यांनी तिच्या आईला, प्रीताला, फोन लावला. प्रीता एरवी थांबवता न येणारी बाई; त्या दिवशी तिला कमालीची घाई होती.

"मावशी, ती स्वतः सांगेल तुम्हाला. मी मध्ये पडत नाही. माझी मीटिंग स्टार्ट होतेय."

मीटिंग. शनिवारी सकाळी.

पुढच्या गुरुवारी क्लासला सुट्टी देऊन त्यांनी गुरुनाथांना ऑफिसातून लवकर बोलावून घेतलं. तुंबलेल्या फ्रीवेवरून सव्वा तास रखडत दोघं सनीव्हेलला पोचले आणि परीक्षितच्या क्लाससमोर गाडी लावून बसले. थर्मासमध्ये चहा होता, डब्यात चिवडा होता. दोन तासांत अकरा मुलं आत गेली आणि अकरा बाहेर आली. शिवांगी नव्हती.

"झालं समाधान?" गुरुनाथांनी विचारलं.

"मागून दार असेल."

"रत्ना, तो अपार्टमेंटचा दुसरा मजला आहे यार."

घरी येईपर्यंत मावशी डब्यातले शेंगदाणे वेचून खात राहिल्या आणि त्यांना आतून फार वाईट वाटत होतं. पोरगी तिथे असती तर निदान भांडता आलं असतं.

शनिवारी शिवांगी आली. मावशींनी तंबोरा छेडलाच नाही.

"कोण आहे तुझा दुसरा गुरू?"

शिवांगी गडबडली. "मावशी, असं कोणी नाहीये."

"मला बनवू नकोस. खालचे सूर मी नाही शिकवले तुला असे. श्वास सोडायला मी नाही शिकवलं. तोंडाला ज्येष्ठमधाचा वास येतो. गुरुवारी कुठे असतेस?"

मुलगी सतरंजीच्या दशा ओढू लागली. मग तिनं फोन काढला आणि मध्ये ठेवला. "खालचे सूर आणि ब्रेथ, ते हिच्याकडून. प्रॉमिस, दुसरं कोणी नाही."

पडद्यावर एक जपानी मुलगी होती. चिहोरी नाव. पंधराव्या वर्षापासून गाणारी पॉपस्टार, आता पंचवीसची. शिवांगी सातवीपासून तिची भक्त. मावशींच्या जिवात जीव यायला हवा होता, पण त्यांना उलट राग आला. परीक्षित निदान यमन तरी शिकवतो.

"ही बाहुली? हिचा आवाज मशीनवर इस्त्री केलेला असणार."

"पहिले अल्बम तसेच आहेत," शिवांगी म्हणाली. "ऐका."

तिनं जुनं गाणं लावलं. टाळ्या, टिणटिण, आणि सगळ्यावर एक अतिउंच बारीक आवाज, कुठेही सुरकुती नाही. मावशींनी विजयी मुद्रेनं मान हलवली. मग शिवांगीनं नवा अल्बम लावला.

एक चेलो होता आणि एक बाई होती. मावशींना वाटलं गायिका बदलली. आवाज चांगला पाच-सहा पट्ट्या खाली उतरलेला, भरलेला. ओठ उघडल्याचं ऐकू येत होतं. एका जागी सूर किंचित कमी लागला आणि गाता गाताच तिनं तो वर चढवून घेतला. भाषा कळत नव्हती, पण कुणी कुणाची वाट बघून थकलंय एवढं कळत होतं.

"पुन्हा लाव."

शिवांगीनं पुन्हा लावलं. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या, कुठे लबाडी सापडते का ते शोधत. ती कमी लागलेली जागा पुन्हा आली. मशीननं हे राहू दिलं नसतं. म्हणजे कुणीतरी मुद्दाम राहू दिलं होतं.

"ही तीच मुलगी?"

"तीच. आधी कंपनीला हाय व्हॉइस हवा होता, क्यूट. नऊ वर्षं ती तसंच गायली. मग तिचा घसा बिघडला, ती वर्षभर गायब होती. हा अल्बम नंतरचा. तीन गाण्यांच्या चाली तिच्या स्वतःच्या आहेत. अर्धे फॅन्स चिडले, म्हणाले हिचा आवाज गेला." शिवांगीनं गाणं बंद केलं. "मावशी, मी हिच्याबरोबर गाते ना, तेव्हा दुखत नाही."

"काय दुखत नाही?"

शिवांगीनं बॅगेतून वही काढली. तारखा होत्या, सप्टेंबरपासूनच्या. क्लासच्या प्रत्येक तारखेपुढे इंग्रजीत एकच शब्द: दुखलं. मधेच 'खूप दुखलं'. बुडवलेल्या दोन्ही गुरुवारांपुढे घशाच्या डॉक्टरचं नाव. "डॉक्टर म्हणाला अजून डॅमेज नाहीये. पण मी इतकं वर गायला नको. ज्येष्ठमध मीच आणलं, देशी स्टोअरमधून. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही गंडा नाही बांधणार."

मावशी वही बघत राहिल्या. नऊ महिने त्यांचा कान त्या पोरीच्या गळ्यापासून चार फुटांवर होता. ज्या कानावर त्यांनी जगापेक्षा जास्त भरवसा ठेवला, त्या कानाला वेदना ऐकू आली होती आणि त्यानं तिला चोरी म्हटलं होतं. त्यांना भयंकर लाज वाटली.

आणि ज्येष्ठमधाचा वास कुठला, तेही त्यांना आठवलं. सव्वीस वर्षांची रत्ना, आकाशवाणीच्या परीक्षेच्या आधीचे सहा महिने, गालात ज्येष्ठमधाची कांडी. बुवांना कळू नये म्हणून ती लवंग खाऊन क्लासला जायची. परीक्षेत तार सप्तकातल्या गंधारावर आवाज फाटला तो फाटलाच. बुवा म्हणाले, रियाज कमी पडला. रत्नानं ते खरं मानलं आणि आपल्या तंबोऱ्याला गवसणी घातली. पुढची एकोणतीस वर्षं खरं मानलं, आणि तीच पट्टी पन्नास मुलींच्या गळ्यात बांधली.

त्यांनी तंबोरा आडवा घेतला आणि खुंट्या उतरवायला लागल्या. तारा सैल पडून फटफटू लागल्या. इतक्या खालच्या पट्टीला जाड तारा लागतात, आणि त्या घरात नव्हत्या.

"तुझं ते ॲप लाव," मावशी म्हणाल्या. "काळी तीनला."

"पण ते ऐकतं ना आपलं?"

"ऐकू दे."

ॲपमधून खालचा षड्ज घुमू लागला. शिवांगीनं भीत भीत सा लावला. तो लागला आणि पसरत गेला, सतरंजीवरून, भिंतीला टेकवलेल्या शिडीपर्यंत. मान वळली नाही. मावशी तिच्या गळ्याकडे नजर रोखून बघत होत्या. एखादी शीर ताणते का, हनुवटी उचलते का. काही सापडेना. मग नकळत त्यांनीही तोच सा लावला. पंचावन्न वर्षांच्या त्यांच्या गळ्यात तो वाट चुकल्यासारखा आला आणि बसला. दुखलं नाही. शिवांगी गायची थांबून त्यांच्याकडे बघू लागली, कारण आठ वर्षांत मावशींना तिनं शिकवताना ऐकलं होतं, गाताना कधी नाही.

"मावशी, गंडा?"

"बांधणार. पण आधी मला सांगायचं, दुखलं की दुखलं म्हणून. तेवढी शपथ घ्यायची. आणि त्या चिहोरीचं दुसरं गाणं लाव. एकावरून काही सांगता येत नाही."

त्या दुपारी गुरुनाथ मिरजेच्या तंबोरेवाल्याला मेसेज टाइप करत बसले. काळी तीनच्या जाड तारा, असं लिहून त्यांनी विचारलं, "एक संच ना?"

"दोन."

"दोन कशाला? क्लासला तंबोरा एकच आहे."

मावशींनी कोपऱ्याकडे बोट केलं आणि गवसणीच्या गाठी सोडायला गेल्या.