फोन चपलांपाशी, लसूण मांडीवर

माझा धंदा दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा. सॉफ्टवेअर वापरून बघायचं आणि ते कुठे अडतं ते सांगायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे रशीदाआपांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळींनी लेख मागितला, तेव्हा मी आधीच विचारून घेतलं, “चुकाही लिहू ना?” “काळे, तुम्हाला दुसरं येतं काय?” असं उत्तर आलं. ती परवानगी समजून लिहितो आहे.

आपांची नि माझी पहिली भेट मस्कतच्या बौशर भागातल्या त्यांच्या ऑफिसात झाली. खाली एसीच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर दोन खोल्या. मी मुलाखतीला गेलो होतो, कडक इस्त्रीची पँट घालून, प्रमाणपत्रांची फाईल काखोटीला मारून. आपांनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “हात पुढे करा.” मी केले. त्यांनी बाटलीतलं खोबरेल तेल माझ्या दोन्ही तळव्यांवर ओतलं, समोर फोन सरकवला आणि म्हणाल्या, “आता जेवण दिलं म्हणून नोंदवा बघू.” माझं बोट काचेवरून सटकत राहिलं. जेवणाऐवजी औषध नोंदलं गेलं, मग भलतंच काहीतरी उघडलं. मी म्हटलं, “असं कसं होईल? हात पुसायला तर हवेत.” त्यावर आपा म्हणाल्या, “म्हाताऱ्या माणसाला तेल लावणाऱ्या बाईला कोण हात पुसायला देतंय? चला, तुम्हाला चूक दिसली. सोमवारपासून या.” मी हात कुठे पुसले असतील ते सुज्ञांनी ओळखावं. ती पँट पुन्हा मुलाखतीच्या लायकीची राहिली नाही, आणि पुन्हा मुलाखत देण्याची वेळही आली नाही.

ज्यांचा त्यांच्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. श्रीमती रशीदा परकार मूळच्या रत्नागिरीच्या खाडीकाठच्या. लग्नानंतर मस्कतला आल्या. यजमान सलीमभाई दूरच्या दुक्म शहरात नोकरीला, आठवड्याच्या सुट्टीत घरी येणारे. आपा इथे एका कंपनीत हिशेबाची सॉफ्टवेअरं बनवायच्या. पुढे सासूबाईंना पक्षाघात झाला, घरी देखभालीला बाई ठेवावी लागली, आणि त्या बाईची दिवसभराची धावपळ बघता बघता आपांनी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. इथे ओमानी घरांत म्हाताऱ्या माणसांना आश्रमात धाडत नाहीत, घरीच सांभाळतात. ज्यांना परवडतं ते एजन्सीकडून शिकलेली बाई मागवतात. या बाया बहुतेक केरळच्या, श्रीलंकेच्या, फिलिपिन्सच्या. औषध, जेवण, कूस बदलणं, साखर तपासणं, सगळं त्यांच्या अंगावर. ते सगळं फोनवर सोप्या रीतीने नोंदवता यावं, घरच्यांना आणि एजन्सीच्या नर्सला कळावं, एवढंच आपांचं ॲप करतं.

‘सोप्या रीतीने’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. पहिलं ॲप तयार झालं तेव्हा आपांनी सगळ्या बायांना ऑफिसात बोलावून, चहा-समोसे देऊन ते दाखवलं आणि विचारलं, “ईझी है ना?” सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, “व्हेरी ईझी, मॅडम.” नंतर ते कुणीही उघडलं नाही. आपा हसून सांगतात, “माझंच डोकं फिरलेलं. समोसा खाऊन वर मॅडमला नाय कोण म्हणणार?”

तिथून लसूण सुरू झाला. आपांच्या गावी बायका समोरासमोर बसून कधीच काही विचारत नाहीत. सुकट निवडायला बसतात, आणि निवडता निवडता सगळं बाहेर येतं. सुकट घेऊन लोकांच्या घरी जाणं बरं दिसेना, म्हणून आपांनी लसूण घेतला. बाई काम करत असेल त्या घरी जायचं, स्वयंपाकघराच्या दाराशी फतकल मारायची, मांडीवर ताट घ्यायचं आणि लसूण सोलत बसायचं. ना वही, ना प्रश्न. नुसता डोळ्यांनी बघत बसलेला माणूस दिसला की काम करणारा आखडतो. लसूण सोलणाऱ्या बाईकडे कुणी लक्ष देत नाही. परत आल्यावर आपा आम्हाला सांगायच्या की अमुक बटण अंगठ्याला पोचत नाही, तमुक शब्द तिला कळत नाही, ती चित्र बघून दाबते. ऑफिसातली पोरं याला ‘लसूण टेस्टिंग’ म्हणायची. मी चेष्टा करायचो की आपल्या कामाचा वास पार शहराच्या टोकाला, सीबपर्यंत जातो. आपा म्हणायच्या, “जाऊ दे की. तुमच्या कामाचा तर वासही येत नाय.”

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

तेव्हा आमचं मोठं गिऱ्हाईक एकच होतं. सीबमधली एक एजन्सी. तिचे ओमानी मालक, ज्यांना सगळे अर्बाब म्हणत, स्वभावाने वाईट नव्हते, पण शिस्तीचे. ॲपमध्ये नियम असा होता की प्रत्येक काम झालं की लगेच नोंद करायची. हा नियम आपांनीच केला होता. उशिरा नोंद केली तर विसरायला होतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मलाही पटलेलं. एके दिवशी अर्बाबांनी आम्हाला बोलावलं. लिसी नावाची केरळची बाई तिथल्या सुकाजवळच्या, म्हणजे बाजाराजवळच्या, एका घरात एका वृद्ध गृहस्थांना सांभाळायची. तिच्या सगळ्या नोंदी रोज दुपारी एकदम, एका दमात झालेल्या दिसत होत्या. सकाळचं औषध, अंघोळ, नाश्ता, सगळं दुपारी. अर्बाबांचं म्हणणं सरळ होतं. ही काम करत नाही, दुपारी बसून मनाचं लिहिते. “खलास. टिकट निकालो, घर भेजो.”

लिसीची घरची परिस्थिती मला ठाऊक होती. नवरा आजारी आणि दोन मुली शिकत होत्या. ती परत गेली असती तर त्या मुलींचं शिक्षण तिथेच थांबलं असतं. शिवाय अशा ठपक्यासह गेलेल्या बाईला दुसरी एजन्सी दारात उभी करत नाही. आपा एवढंच म्हणाल्या, “अर्बाब, एक दिन दो.” अर्बाब म्हणाले, “इन्शाल्ला.” त्यांचा चेहरा बघून मला तो नकार वाटला. आपांनी तो होकार धरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच लसणाची पिशवी घेऊन त्या घरी पोचल्या. मलाही गाडी चालवायला नेलं होतं, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

दाराशी चपला काढायची जागा होती. शेजारी एक फळी, आणि त्या फळीवर फोन ओळीने ठेवलेले. मुलाचे, सुनेचे, नातवंडांचे. लिसीचाही. आपांनी तिकडे एकदा पाहिलं, आपला फोन त्यांच्या शेजारी ठेवला आणि मला डोळ्यांनी खुणावलं. मीही ठेवला. आत आपा लसूण घेऊन बसल्या. घरच्या सूनबाईंना हे इतकं आवडलं की त्याही सुरी घेऊन शेजारी येऊन बसल्या. लिसी वृद्ध गृहस्थांना, तिच्या भाषेत ‘बाबां’ना, अंघोळ घालून आणत होती, केस विंचरत होती, एकेक घास भरवत होती. प्रत्येक घासाआधी ती थांबायची, बाबा तिच्याकडे बघायचे, मगच तोंड उघडायचे. औषध वेळेवर गेलं, कूस वेळेवर बदलली गेली. कामात तसूभरही कसर नव्हती. दुपारी बाबांचा डोळा लागला तशी लिसी दाराशी गेली, फोन उचलला आणि भिंतीला टेकून सगळ्या नोंदी करून टाकल्या.

आपांनी तिथेच, सोललेला लसूण सूनबाईंच्या हवाली करता करता, अगदी सहज विचारलं, “अंदर फोन नहीं लेती?”

लिसी दचकली. “बाबा के सामने, आपा? इस घर में कोई नहीं देखता. बच्चा लोग भी नहीं. मैं कैसे देखूँ? बाबा सोचेगा, उसकी तरफ देखने का टाइम नहीं है मेरे पास.”

परतीच्या वाटेवर गाडीत आपा म्हणाल्या, “काळे, आपण त्या बाईला काय सांगितलं माहिताय? की घास भरवलास की त्या माणसाकडे पाठ कर.” मी म्हटलं, “आपा, नियम काढला तर अर्बाब करार मोडतील. त्यांना नोंदी वेळेवर हव्यात.” “मोडू देत,” त्या म्हणाल्या. मला पगाराची काळजी होती आणि मी ती बोलून दाखवली. आपांनी एसी बंद केला, काच खाली केली. रागावल्या की त्या हे करतात, बाहेर आग ओकणारं ऊन असलं तरी. ही त्यांची एक चूक, इथे नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी आम्ही अर्बाबांसमोर बसलो. अर्बाबांच्या हातात फोन होता आणि ते ऐकता ऐकता त्यावर बोटं फिरवत होते. आपांनी लिसीचा बचाव केला नाही. तिच्या घरची परिस्थिती सांगितली नाही, रडगाणं तर मुळीच नाही. त्या म्हणाल्या, “गलती लिसी की नहीं, मेरी है. मैंने गलत चीज़ बनाई.” आणि पाहिलेलं सगळं सांगितलं, फळीवरच्या फोनांसकट. मग विचारलं, “अर्बाब, आप अपने वालिद के सामने फोन देखते थे?”

अर्बाबांची बोटं थांबली. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. “ला, नहीं,” ते म्हणाले. “कभी नहीं.” मी छताकडे बघत होतो. शेवटी त्यांनी कॉफी मागवली, आणि तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर आपांनी ॲप मुळापासून बदललं. कामाच्या मधे नोंद करायची सक्ती गेली. घरच्या बाबांचा किंवा आजींचा डोळा लागल्यावर, बाहेर येऊन, बाईने एकदाच फोन उघडायचा आणि नेहमीपेक्षा काय वेगळं झालं तेवढं आपल्या भाषेत बोलून ठेवायचं. नेहमीसारखं सगळं झालं असेल तर एकच मोठं बटण, तेलकट अंगठ्यालाही सापडणारं. घाईचं काही असेल तर सरळ नर्सला फोन. एका बड्या एजन्सीने पुढे प्रत्येक कामाचा फोटो काढायला लावा म्हणून आग्रह धरला, भरपूर कामही देऊ केलं. आपांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी तेव्हाही कुरकुरलो. मी कुरकुरतोच, त्यात नवीन काही नाही.

त्यांच्या आपुलकीबद्दल लिहायचं तर एकच सांगतो. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी फोन करून “काही लागलं तर सांगा हं” म्हटलं. सगळी भली माणसं, पण आपण कधी सांगतो का? आपा न विचारता घरी आल्या. स्वयंपाकघरात एक नजर टाकली, पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पाहिल्या, फ्रिज पाहिला, आणि तासाभरात पाणी आलं, भाजी आली. आम्ही शाकाहारी, म्हणून सांदणं आणि वालाची उसळ नव्या डब्यात, नव्या चमच्यासकट. मग माझ्या मुलीला शेजारी बसवून त्यांनी लसूण काढला. पोरगी इंडियन स्कूलमधली, मराठी बोलताना पदोपदी अडखळणारी. माझ्याशी आठवडाभर ती “आय ॲम फाइन” यापलीकडे बोलली नव्हती. पाकळ्या सोलता सोलता ती मोडक्यातोडक्या मराठीत आपांना म्हणाली, “आई परत येईल ना? मला खूप भीती आहे.” मी दाराआड उभा होतो. त्या दिवशी मी रडलो, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आपांचे दोष मी शोधले आहेत, धंदाच तो. मीटिंगला वेळेवर येत नाहीत. चांगल्या कामाला “बरंय” यापलीकडे शब्द देत नाहीत. रागावल्या की एसी बंद करून काच उघडतात. पण आपलं चुकलं हे एवढ्या सरळपणे, पोटावर पाय येत असताना, गिऱ्हाईकाच्या तोंडावर सांगणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. या क्षेत्रात मी बऱ्यापैकी माणसं पाहिली आहेत.

लिसी अजून त्याच घरी आहे. थोरली मुलगी नर्सिंगला गेली. बाबा आता बरेच थकले, घरच्यांची नावंही त्यांना आठवत नाहीत. मध्यंतरी आपांबरोबर गेलो होतो. आपा दाराशी फोन ठेवून आत गेल्या, लसूण काढला आणि बसल्या. लिसी खोलीत आली तसा बाबांनी आपणहून हात पुढे केला. आपा लसूण सोलायच्या थांबल्या. मी विचारलं, “काय झालं, आपा?” त्या म्हणाल्या, “काय नाय. बरंय.”

आपा, साठी झाली म्हणून कुणी तुमच्या आधाराला हात पुढे करायची घाई करू नये. तुम्ही अजून गाडीची काच खाली करताना कुणाचं ऐकत नाही, तेव्हा प्रकृती ठणठणीत आहे हे उघडच आहे. ती तशीच राहो. सलीमभाईंसह खूप वर्षं सुखात जावोत, लसूण भरपूर मिळो, आणि आमच्या चुका काढायला तुम्ही आमच्यात असा. आणि खूप खूप वर्षांनी, कधीकाळी, कुणाचा तरी हात धरून उठायची वेळ तुमच्यावर आलीच, तर त्या हातात फोन नसो.