पाकिटावरचे भाऊजी

माझ्या धाकट्या दिराचं गावात फिरणं मी बंद केलं, तेही जालन्यात बसून, कॉम्प्युटरवर.

बियाण्यांची पाकिटं डिझाइन करण्यात माझी वीस वर्षं गेली. या कामात हात माझे असतात आणि डोळे माझ्या खुर्चीमागे बसलेल्या, बियाणे कंपनीच्या साहेबांचे. "मॅडम, मिरची अजून लाल करा." "जास्तच झाली. पण थोडी अजून करा." त्या दिवशी कपाशीच्या पाकिटावर हसरा शेतकरी हवा होता आणि संध्याकाळी पाकीट छापायला जायचं होतं. माझ्या मोबाइलमध्ये टेंभुर्णीचे उत्तमभाऊजी सापडले. साखरपुड्यातला फोटो, मनापासून हसत होते (ताटलीत जिलेबी होती). मी जिलेबी पुसली, हातात कपाशीची बोंडं दिली. साहेब खूश. भाऊजींना विचारायचं तेवढं राहून गेलं.

पेरणीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. "वहिनी, बियाणेवाला मला बोलावून बोलावून चहा पाजून राह्यला."

"मग प्या की."

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. आवाज बारीक. "वहिनी, ओट्यावर सात जण बसलेत. म्हणतात, उत्तमराव, तुमचं बियाणं उगवलं न्हाई."

"सांगा ना, तुमचं नाही म्हणून."

"सांगितलं. त्यांनी पाकीट दाखवलं. मंग काय बोलू? माझी तर मोसंबी हाये. म्हणतात, सोता लावत न्हाई अन् आम्हाला हसून हसून विकतो. आजवर माझ्या शब्दावर गावात सोयरिकी जमल्या, वहिनी. आता पारावर जायला तोंड न्हाई."

आता मात्र मला माझीच लाज वाटली. सकाळच्या बसनं टेंभुर्णी गाठली. ओट्यावर सगळ्यांसमोर कबूल केलं आणि मूळ फोटो दाखवला. तिथूनच साहेबांना फोन लावून शेतं बघायला माणूस पाठवायला लावला.

एका आजोबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "म्हंजी शेतकरी कपाशीचा न्हाई?"

"नाही."

"बोंडं?"

"दुसऱ्या फोटोतली."

"जिलेबी तरी खरी व्हती का?"

"ती बराबर खरी होती," भाऊजी म्हणाले. ओटा हसला, आणि भाऊजी संध्याकाळी पुन्हा पारावर जाऊन बसले.

तेव्हापासून दर पेरणीआधी टेंभुर्णीतून मला पाकिटांचे फोटो येतात. "वहिनी, यातलं खरं काय?" मी सांगते, मागचा बारीक मजकूर वाचा. वीस वर्षं तो मीच बसवतेय. अजून एकदाही वाचलेला नाही.