एकच कोट सगळ्यांना

त्या दिवशी तळोद्यात सकाळपासून धुकं होतं. दिवाळी उलटली की सातपुड्याकडून थंडी उतरते, ती आधी पायाच्या बोटांना कळते. समोरचा डोंगर दिसत नव्हता. रस्त्याच्या कडेला गुजरातेत ऊसतोडीला जाणारे ट्रक उभे होते आणि त्यांचे दिवे धुक्यात पिवळे पडले होते. ऊन आलं तेही उशिरा, आणि आल्यासारखं करून पुन्हा गेलं.

मी अभ्यासिका उघडली, झाडू मारला, खुंटीवरचा कोट झटकून परत टांगला. या कोटाला हात लावला की किस्से आठवतात. किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. खाली पिठाची गिरणी आहे, तिचं पीठ जिन्यावरून वर येतं आणि कोपऱ्यात साचतं. रोज झाडतो, तरी रोज असतंच. तसंच ते.

मी इथला राखणदार. पोरं मला आबा म्हणतात. शाळेत मी गेलो नाही. अक्षरं मला इथल्याच पोरांनी शिकवली, म्हणून लिहायला वेळ लागतो. लागू द्या.

*

पोरं सारखी ‘इनसाईट, इनसाईट’ करायची. मला वाटलं एखादी परीक्षा असेल. हितेशने समजावलं. हितेश तापीकाठच्या गुजर पाटलाचा मुलगा, बाकीच्यांहून एक वर्ष पुढे.

“आबा, कॉलेजात असतानाच मोठ्या कंपन्या आठवडाभर बोलावतात. ऑफिस दाखवतात, काम कसं चालतं ते दाखवतात. आवडलं पोरगं, तर पुढे नोकरीला आधी त्याला विचारतात.”

“म्हणजे मुलगी पाहायला येतात तसं?”

“तसंच. फक्त इथे मुलीनेच त्यांच्याकडे जायचं. पोहेसुद्धा तिनेच न्यायचे.”

अर्ज दुसऱ्या वर्षाच्या पोरांनीच करायचा. तिसऱ्या वर्षाला गेलं की दार बंद.

बाकीच्या पोरांना ती एक चांगली संधी होती. दिलवरचं वेगळं होतं. दिलवर मोलगीच्या पुढच्या पाड्यावरचा. आईबाप दरवर्षी उसाच्या टोळीत जायचे. तोडीचं काम जोडीने चालतं, एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. दिलवर दुसऱ्या वर्षाला होता त्या मोसमात बापाची कंबर गेली आणि दोघं अर्ध्यातून परतले. बापाने दिलवरला सांगितलं, “पुढच्या दिवाळीपर्यंत कंपनीचं काहीतरी दाखव. मी कंबर बांधून जाईन. नाहीतर आईच्या जोडीला तू.”

बाप रागाने बोलला नव्हता. दिलवरनेच मला सांगितलं, “आबा, बा मला विचारतच होता. पण दुसरं माणूसच नाही घरात.”

*

गिरणी, शेजारचं मुरलीधरचं सलून आणि वरची अभ्यासिका, तिन्ही एकाच मीटरवर. गिरणी सुरू झाली की वरचं वायफाय बसतं. म्हणून पोरांचा ऑनलाईन इंटरव्ह्यू असला की मी खाली स्टुलावर बसायचो. माझा रुमाल वर असला म्हणजे इंटरव्ह्यू सुरू. गिरणी बंद, मुरलीधरचा स्पीकर बंद, ड्रायर बंद. बाया दळणाचे डबे घेऊन पायरीवर गप बसायच्या.

एकदा हात भरून आला तरी वरून कोणी हाक देईना. मुरलीधर दारात येऊन म्हणाला, “आबा, रुमाल खाले कर ना भो. मन्हं गिऱ्हाईक ओल्या डोक्यानी बठेल शे. सर्दी व्हई जाई त्याले.”

मी म्हटलं, “होऊ दे. पोरगी बोलतेय वर.”

गिऱ्हाईक आतून म्हणालं, “बोलू द्या तिला. माझी कसली घाई आहे.”

*

ती पोरगी म्हणजे रंजना. नवापूरकडची, कोकणी जमातीतली, हुशार, आवाज मात्र पाण्यात बोलल्यासारखा. तिच्या कंपनीने इंटरव्ह्यू घ्यायला माणूस ठेवलाच नव्हता. स्क्रीनवर प्रश्न उमटणार, घड्याळ सुरू होणार, आपण एकट्याने स्क्रीनकडे बघून बोलायचं.

रंजना तयार होऊन बसली. प्रश्न आला. ती “गुड मॉर्निंग” म्हणाली आणि थांबली. घड्याळ पळत राहिलं. दुसरा प्रश्न आला. ती पुन्हा “गुड मॉर्निंग” म्हणाली.

खाली आली तेव्हा मी विचारलं, “एवढा वेळ काय बोललीस?”

“काहीच नाही, आबा.”

“येत नव्हतं का?”

“येत होतं. पण कोणी ‘बस’ म्हणालं नाही, कोणी ‘बोल’ म्हणालं नाही. मोठ्या माणसासमोर आपण आपलंच कसं सुरू करायचं? मला वाटलं, येतील आता कोणी.”

संध्याकाळी मशीनने तिला मेल पाठवली. तुमची उत्तरं आम्ही लक्षपूर्वक ऐकली, म्हणे.

*

कोटाचं सांगायचं राहिलं. कोट हितेशचा, भावाच्या लग्नात शिवलेला. इंटरव्ह्यूला कोट लागतो असं कॉलेजच्या सरांनी सांगितलं आणि तो अभ्यासिकेच्या खुंटीवर आला तो आलाच. ज्याचा नंबर त्याने घालायचा. खाली लुंगी असली तरी चालते, कॅमेऱ्यात दिसत नाही.

एका दिवशी एकाच कंपनीने आमच्या तिघांना लागोपाठ घेतलं. समोर एकच मॅडम. पहिला उठला, कोट काढला, दुसऱ्याने घातला. तिसरी रंजना. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली.

मॅडमने विचारलं, “हा तुमच्या कॉलेजचा युनिफॉर्म आहे का?”

रंजनाला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “नाही मॅडम. हा आमचा एकच आहे.”

मॅडम म्हणाली, “छान रंग आहे.” तिघांपैकी कोणाचंच झालं नाही. रंगाचं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

*

अर्जात एक प्रश्न ठरलेला. आयुष्यात अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलं?

दिलवरने खरं ते लिहिलं. पावसाळ्यात काकू अडली होती. त्याने आणि चौघांनी तिला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवला, ओढ्याला पाणी होतं म्हणून वळसा घातला, जीपच्या रस्त्याला लागले. काकू वाचली. बाळ वाचलं नाही.

कॉलेजच्या सरांनी वाचलं. सर चांगले, पोरांसाठी रविवारीही यायचे. म्हणाले, “दिलवर, हे फार उदास होतंय रे. कंपन्यांना पॉझिटिव्ह लागतं. तू क्रिकेट खेळतोस ना?”

मग दिलवरने लिहिलं की त्यांची टीम आधी हरली, नंतर त्याने सगळ्यांना धीर दिला आणि ती जिंकली.

कंपनीकडून उत्तर आलं, तुमची गोष्ट खरी वाटत नाही.

दिलवर हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेव्हाच, आणि मला ते आवडलं नाही.

*

हितेशला मात्र आदल्या वर्षी मिळालं होतं. आठवडाभर पुण्याला जाऊन आला. येताना कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली घेऊन आला. पोरं भोवती बसली.

“काय शिकलास?”

“लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही.”

“आणखी?”

“मी बोललो. तळमजल्यापासून वरपर्यंत एक जण माझ्याकडे बघत होता. उतरताना म्हणाला, यू आर न्यू, ना?”

दिलवरने बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली, झाकण उघडून लावलं आणि परत दिली. “आठवडाभर आहे ना,” तो म्हणाला. “मी नाही बोलणार.”

*

एका कंपनीने शेवटी दिलवरला इंटरव्ह्यूला बोलावलं. तारीख आली ती होळी पेटल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

डोंगरात होळी एका रात्रीत संपत नाही. गावोगाव मेळे चालतात. दिलवर लहान असताना तापात मरता मरता वाचला होता. आईने नवस बोलला होता, वाचला तर पाच होळ्या बावा होईल. बावा झालं की अंगभर राखेचे आणि पिठाचे पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. पालनी, म्हणजे नवसाचं व्रत, सुटेपर्यंत अंघोळ नाही, खाटेवर-खुर्चीवर बसणं नाही. चार होळ्या झाल्या होत्या. ही शेवटची.

त्याने तारीख बदलून मागायचा प्रयत्न केला. ज्या पत्त्यावरून मेल आली होती, त्याच्यावर उत्तर जात नव्हतं.

पाड्यावर नेटवर्क नाही. म्हणून तो सकाळच्या जीपने तसाच खाली आला, ठिपक्यांसकट, टोप तेवढा गावात ठेवून. सोबत आई. जिन्यावरून घुंगरं वाजत वर आली तेव्हा अभ्यासिकेतली पोरं उठून उभी राहिली.

मुरलीधर मागोमाग आला. “आबा, मी फुकट कटिंग करी देस, तोंड पुसी देस. पन तो हात लाऊ देत नही.”

मी आईला बाजूला घेतलं. म्हटलं, “बाई, नुसतं तोंड धुतलं तर?”

ती म्हणाली, “ताप होता तेव्हा मी बोलले. आता तो मोठा आहे. त्याला विचारा.”

दिलवरला विचारलं. तो म्हणाला, “आबा, पाचवी अर्धी सोडली तर आधीच्या चारही गेल्या. आणि मी असाच आहे ना. आज धुऊन बसलो, तर ते कोणाला घेतील?”

हितेशने खुंटीवरचा कोट काढून त्याला चढवला. दिलवर जमिनीवर बसला. लॅपटॉप दळणाच्या डब्यावर ठेवला. मी रुमाल मुरलीधरच्या हातात देऊन खाली पाठवला आणि आईशेजारी दारात बसलो. रंजना आत बघून आम्हाला हळू आवाजात सांगत होती.

“दोघं आहेत. एक सर, एक मॅडम. विचारतायत, कुठल्या कार्यक्रमातून आलास का.”

“मग?”

“तो होळीचं सांगतोय. चांगलं सांगतोय, आबा. इंग्रजी अडकत नाहीये.”

जरा वेळाने घुंगरं वाजली. आई चटकन उठली.

“उभा राहायला सांगितलं,” रंजना म्हणाली. “कोट काढून दाखवायला सांगितलं. मॅडमने आणखी माणसं बोलावली बघायला. सगळे हसतायत. वाईट नाही हसत. फोटो घेऊ का विचारतायत, आमच्या पेजवर टाकला तर चालेल का. तो हो म्हणाला.”

मग वेळ संपली.

दिलवर बाहेर आला. ठिपक्यांखालचा चेहरा उजळला होता. “आबा, खूप आवडलं त्यांना.”

मी विचारलं, “कामाचं काय विचारलं?”

“तिथपर्यंत वेळच नाही पुरला.”

आई माझ्याकडे बघत होती. तिला मराठी थोडंच येतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, “चांगलं झालं, बाई.”

*

उन्हाळा तापला तेव्हा मेल आली. तुमचं वेगळेपण आम्हाला फार भावलं, असं आधी होतं. नाही, असं नंतर होतं.

दिलवरने विचारलं, “पुढच्या वर्षी परत?” पुढच्या वर्षी तो तिसऱ्याला.

त्याने खुंटीवरचा कोट काढला, उलटा केला. आतलं अस्तर पांढरं झालं होतं, ठिपके जसेच्या तसे उमटलेले. म्हणाला, “हितेश, धुऊन देऊ का?”

हितेश म्हणाला, “राहू दे. कॅमेऱ्यात दिसत नाही.”

*

तर त्या धुक्याच्या सकाळी, अभ्यासिका उघडण्याआधी, मी ट्रककडे जाऊन आलो होतो. बाया वर चढून बसल्या होत्या, भांडी, चुलीच्या विटा, कोंबड्यांची टोपली, सगळं वर. दिलवर फाळक्याला धरून उभा होता. कोयते गोणपाटात गुंडाळून आईने मांडीखाली घेतले होते. बाप कंबरेला पट्टा बांधून खाली उभा होता आणि ट्रकच्या चाकाकडे बघत होता, पोराकडे नाही.

मी म्हटलं, “परीक्षेला येशील ना?”

“मुकादमाने सोडलं तर येईन.” मग म्हणाला, “आबा, नव्या पोरांचे इंटरव्ह्यू सुरू होतील. रुमाल विसरू नका.”

ट्रक गेला. मी येऊन झाडू मारला, कोट झटकला, हे आधी सांगितलंच. रंजना तेवढी येऊन बसली होती, पुस्तक उघडं ठेवून, पान न उलटता.

जिन्यावर चपला वाजल्या. मुरलीधर. बहिणीकडून भाऊबीज करून आदल्या रात्रीच परतला होता, ट्रकचं त्याला ठाऊक नव्हतं, आणि उन्हाळ्यातल्या मेलचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. स्क्रीनभर दिलवर. पांढरे ठिपके, कमरेला दुधी, मागे आमची भिंत, रिकामी खुंटी, आणि डब्याची कडा. कोट हातात धरलेला, आणि असा हसत होता की ओळखू येईना.

खाली इंग्रजीत लिहिलं होतं. ते रंजनाने वाचलं आणि मान खाली घातली. मला तिने ते नंतर सांगितलं, यंदाचे अर्ज सुरू झाले आहेत, तुमची गोष्ट आम्हाला सांगा.

मुरलीधरला वाचायची गरज नव्हती. तो दोन पायऱ्या खाली उतरला, परत वर आला आणि म्हणाला, “देख आबा, कंपनीनी पहिलाच फोटो आपला पोऱ्याना टाका शे! लागी गया ना तो? बलाव त्याले खाले. आज कटिंग मन्हाकडथून.”