विमलकाकूंच्या उरलेल्या गोळ्या

आमच्या लेआउटमधल्या कुठल्याही घरातलं पोर खोकलं, की विमलकाकू त्याला फाटकापाशी उन्हाकडे तोंड करून उभं करायच्या आणि चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून घसा पाहायच्या. "टॉन्सिल पाहा कसे बोरायवानी झाले! संत्री खाल्ली असन लेकानं." मग आतून एक डबा यायचा. त्यात अख्ख्या लेआउटच्या उरलेल्या गोळ्या असायच्या.

डॉक्टरांनी दहा दिवसांच्या लिहून दिल्या तरी चौथ्या दिवशी काकू दारात हजर. "पोरगी खेळून राहिली ना? मंग काहून गोळ्या चारून राहिली वं? दे इकडं, दुसऱ्याच्या लेकराले कामी येतीन." आणि चांगल्या शिकलेल्या बायका मुकाट्यानं देऊन टाकायच्या. आता आठवलं की डोकं फिरतं.

माझ्या गौरीचा घसा दर महिन्या-दीड महिन्याला सुजायचा. काकूंच्या दोन-चार गोळ्या, मिठाच्या गुळण्या, की तिसऱ्या दिवशी पोरगी शाळेत. जीव लावायच्या तिला, खोटं कशाला बोलू? तिला गिळता येईना की मऊ खिचडी घेऊन त्याच यायच्या.

नववं वर्ष लागलं आणि गौरीचे गुडघे सुजले. मग घोटे. जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली आणि म्हणाले, "घशातला संसर्ग दर वेळी अर्धवट दाबत राहिलात. त्यातून सांधेताप झालाय, हृदयाच्या झडपेला इजा आहे. आता दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, कित्येक वर्षं."

मी तशीच काकूंच्या दारात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. "तुम्हाला डॉक्टर केलं कोणी?" शेजारपाजारचे बाहेर आले. काकूंनी शेवटी एवढंच विचारलं, "माह्या हातानं झालं काय वं हे?"

"हो," मी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या पोराचा घसा पाहिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. बायका रडत होत्या. मला रागानं रडूही आलं नाही.

गौरी आता अकरावीत आहे. परवा इंजेक्शन घेऊन आल्यावर कंबर चोळत तिनं विचारलं, "आई, काकू जबरदस्तीनं द्यायच्या का गं गोळ्या?"

नाही. माझ्या पर्समध्ये डॉक्टरांची दहा दिवसांची चिठ्ठी असताना, गौरीच्या गोळ्या मधेच थांबवून उरलेल्या काकूंना नेऊन देणारी मीच होते. त्या दिवशी त्यांच्या दारात हे मी बोलले नाही.